गिरमिट, जिन आणि भलतंच लिंबू

परवा शनिवारी घरी गिमलेट करायचा घाट घातला. पहिला प्रयत्न सपशेल फसला आणि तो का फसला हे शोधता शोधता अख्खा रविवार गेला. त्या रविवाराची ही गोष्ट. वीकांताचं याहून चांगलं काही करता आलं असतं, पण असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गिमलेट म्हणजे जिन आणि लिंबाचं कॉर्डियल. कॉर्डियल म्हणजे साखर घालून टिकवलेला लिंबाचा रस, आपल्याकडे सरबतासाठी बाटलीत करून ठेवतात ना, त्यातलाच प्रकार. दोन्ही बर्फात घालायचं, हलवायचं, गाळायचं, प्यायचं. जिनच्या जुन्या कॉकटेल्समध्ये याहून सोपं काही नसेल. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचा बारटेंडर हॅरी क्रॅडॉक याचं १९३० सालचं प्रसिद्ध पुस्तक आहे, त्यात गिमलेटची कृती एका ओळीत आटपते: अर्धी प्लिमथ जिन, अर्धं रोझेस लाइम ज्यूस कॉर्डियल. रेमंड चँडलरच्या १९५३ सालच्या 'द लाँग गुडबाय' या कादंबरीतला टेरी लेनक्सही हेच प्रमाण सांगतो आणि यात दुसरं काहीही घालायचं नाही यावर अडून बसतो.

नावाचं म्हणाल तर गिमलेट म्हणजे आपलं सुताराचं गिरमिट. शब्दही तोच, इंग्रजांकडून आपल्या सुतारांकडे आला आणि तोंडात घोळून गिरमिट झाला. पेय डोक्यात गिरमिटासारखं शिरतं म्हणून हे नाव, असं एक मत. दुसरं मत असं की थॉमस गिमलेट नावाचे ब्रिटिश आरमारातले एक सर्जन होते, त्यांनी अधिकाऱ्यांना लिंबाचा रस घशाखाली उतरवता यावा म्हणून त्यात जिन घालायला सांगितली. गोष्ट छान आहे, पण तिला भक्कम पुरावा कोणी दिलेला नाही. मला सुताराची बाजू पटते. आरमार मात्र दोन्ही गोष्टींच्या मागे आहेच, आणि खरी भानगड तिथेच आहे.

तर ते रोझेसचं कॉर्डियल आमच्या भागातल्या दुकानांत काही मिळालं नाही. म्हटलं त्यात काय, घरीच करू. डझनभर कागदी लिंबं पिळली, रसात साखर घातली आणि पातेलं गॅसवर ठेवून चांगला दाट होईस्तोवर आटवला. गार करून जिनमध्ये घातला. रंग तपकिरी, चव सर्दीच्या औषधाची, आणि लिंबाचा वास औषधालासुद्धा शिल्लक नाही! चांगली जिन वाया गेली त्याचं दुःख वेगळंच.

आता गंमत बघा. हीच चूक, अगदी हीच, पावणेतीनशे वर्षांपूर्वी जेम्स लिंड नावाच्या एका फार मोठ्या माणसाने केली होती.

लिंड ब्रिटिश आरमारात सर्जन होता. त्या काळी लांबच्या सफरीवर निघालेल्या खलाशांना तोफांपेक्षा भीती होती स्कर्व्हीची. महिना-दोन महिने ताजं अन्न मिळालं नाही की हिरड्या सुजायच्या, काळ्या पडायच्या, दात हलायचे, अंगावर रक्ताचे डाग उठायचे. सगळ्यात भयंकर म्हणजे वर्षानुवर्षांपूर्वी भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. आज याचं कारण माहीत आहे. कोलॅजेन, म्हणजे शरीराला सांधून धरणारं प्रथिन, तयार करायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळेनासं झालं की जुने टाकेही उसवतात. जॉर्ज ॲन्सन १७४० मध्ये सुमारे १,९०० माणसं घेऊन निघाला आणि जगाची फेरी मारून १७४४ मध्ये परत आला. त्यातली बहुसंख्य माणसं वाटेत मेली. लढाईत मेले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मे १७४७ मध्ये 'सॉल्सबरी' जहाजावर लिंडने बारा स्कर्व्हीग्रस्त खलाशी निवडले, शक्य तितके एकसारख्या अवस्थेतले. सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, एकच जेवण दिलं आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सायडर, एकीला पातळ गंधकाम्ल (हो, खरोखर), एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण, आणि एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली. पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता आणि दुसऱ्याला बाकीच्या आजाऱ्यांच्या सेवेला लावलं होतं. आपण ज्याला ए-बी टेस्टिंग म्हणून मिरवतो ते या माणसाने डोलणाऱ्या जहाजावर केलं होतं.

आणि एवढं करून लिंडने काय करावं? १७५३ साली स्कर्व्हीवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात हा प्रयोग जेमतेम काही परिच्छेदांत उरकला, आणि लिंबं सफरीभर टिकत नाहीत म्हणून रस तापवून, आटवून त्याचा दाट अर्क बाटलीत भरायची शिफारस केली. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होतं. म्हणजे औषधाचा शोध लावून पुढच्याच पानावर त्याने ते उकळून टाकलं. ज्याने बारा माणसांवर इतकी काटेकोर तुलना केली त्याने या अर्काची तशी परीक्षा काही घेतली नाही. माझ्या पातेल्यातला तपकिरी रस सिंकमध्ये ओतताना मला लिंडबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

शेवटी आरमाराने न उकळलेला लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये, गिल्बर्ट ब्लेनसारख्या वजनदार डॉक्टरांनी लावून धरलं तेव्हा. लिंड आदल्याच वर्षी वारला होता. परिणाम मात्र विलक्षण झाला. पोर्ट्समथजवळच्या हासलरच्या आरमारी रुग्णालयात १७८० साली स्कर्व्हीचे हजाराहून जास्त रोगी आले होते. एकोणिसावं शतक उजाडल्यावर काही वर्षांतच तिथे स्कर्व्हीचा रोगी औषधालाही सापडेना. नेपोलियनच्या बंदरांना महिनोन्महिने वेढा घालून इंग्रज जहाजं समुद्रात उभी राहू शकली, त्यात या आंबट रसाचा वाटा मोठा होता.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. शाळेत आपल्याला 'लिंबाने स्कर्व्ही बरी होते' असं शिकवतात आणि विषय बंद. माझाही बंदच होता. पण यापुढे जे झालं ते वाचून रविवारी दुपारी माझी झोप उडाली.

तो १७९५ चा रस होता लेमनचा. पिवळं, मोठं, भूमध्य समुद्राकाठचं लिंबू, सिसिली-माल्टाकडून येणारं. १८६० च्या दशकात आरमाराने त्याऐवजी लाइम घ्यायला सुरुवात केली, म्हणजे हिरवं, लहान, वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश मळ्यांतलं. आपल्याच वसाहतीचा माल, पुरवठा आपल्या हातात, आणि चवीला जास्त आंबट. त्या काळच्या समजुतीप्रमाणे आंबटपणाच स्कर्व्ही बरी करत होता, म्हणजे लाइम उलट जास्तच चांगलं असणार! शिवाय भाषेनेही घात केला. कागदोपत्री लेमन आणि लाइम हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जात. बदल झालाय हेच बऱ्याच जणांच्या लक्षात आलं नाही.

या गोंधळाला हसायचा आपल्याला फारसा अधिकार नाही म्हणा. आपल्याकडे हॉटेलात 'फ्रेश लाइम सोडा' मिळतो आणि शेजारच्याच पानावर 'लेमन राइस', दोन्हीत पिळलेलं असतं तेच कागदी लिंबू. मराठीत दोघांना एकच शब्द, म्हणून आपण भांडणातून सुटलो. पण आपलं कागदी लिंबू हे लाइम आहे, लेमन नव्हे. वेस्ट इंडीजचं ते लिंबू आणि मंडईतलं आपलं लिंबू एकाच जातीचं.

लाइममध्ये क जीवनसत्त्व असतं, पण लेमनपेक्षा बरंच कमी. त्यात तो रस साठवून, उघड्यावर ठेवून, कधी तांब्याच्या नळ्यांमधून खेळवून जहाजावर यायचा. तांब्याच्या सान्निध्यात हे जीवनसत्त्व फार झपाट्याने नासतं. (आमची आजी तांब्या-पितळेच्या भांड्यात कल्हई असल्याशिवाय आंबट काही ठेवू द्यायची नाही. कळकतं म्हणायची. तिचं कारण वेगळं होतं, पण शिस्त योग्य होती.) थोडक्यात, खलाशाच्या हातात रोज पडत होता तो रस स्कर्व्हीपुढे जवळजवळ निकामी होता.

याच सुमाराला लॉकलन रोझ या लीथच्या व्यापाऱ्याने १८६७ साली दारू न घालता, साखरेच्या जोरावर लाइमचा रस टिकवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवरही रस देणं कायद्याने सक्तीचं झालं. रोझचं नशीब फळफळलं. इंग्रज खलाशांना 'लाइमी' हे टोपणनाव मिळालं, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जिन होतीच (रम ही साध्या खलाशांची, त्यांना ती ३१ जुलै १९७० पर्यंत रोज मिळत असे), आणि गिमलेट जन्माला आलं. म्हणजे ज्याला आपण आरमाराचं स्कर्व्हीविरोधी कॉकटेल म्हणतो ते नेमकं त्याच लिंबापासून झालंय ज्याच्याने स्कर्व्ही धड थांबत नव्हती.

मग कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण तोवर वाफेची जहाजं आली होती. सफरी महिन्यांऐवजी आठवड्यांत संपत, दर काही दिवसांनी बंदर, बंदरात ताजी भाजी आणि मांस. स्कर्व्ही व्हायला वेळच मिळत नव्हता. रसाचा पेला रोज दिला जात होता, वहीत खूण होत होती, आणि स्कर्व्ही होत नव्हती. मग कोण कशाला तपासतंय?

तपासलं आर्क्टिकने. १८७५ मध्ये जॉर्ज नेर्सच्या नेतृत्वाखाली 'अलर्ट' आणि 'डिस्कव्हरी' ही दोन आरमारी जहाजं उत्तर ध्रुवाकडे निघाली. उत्तम तयारी, उत्तम अन्न, हिवाळाभर जहाजावर रोज लाइमचा रस. वसंतात स्लेजवरून तुकड्या बाहेर पडल्या. अल्बर्ट मार्कहमची तुकडी मे १८७६ मध्ये ८३ अंश २० मिनिटं उत्तरेपर्यंत पोचली. तोवर कोणीच तिथवर गेलं नव्हतं. पण माणसं एकामागून एक कोसळत होती, धडधाकट उरलेल्यांनी आजाऱ्यांना स्लेजवर घालून ओढत आणायचं. स्कर्व्ही! मोहीम वर्षभर आधीच गुंडाळून परत आली आणि इंग्लंडमध्ये चौकशी समिती बसली. स्लेजबरोबर रस का नेला नाही, यावर ठपका ठेवला गेला. पण हिवाळाभर रोज रस पिऊन निघालेली माणसं इतक्या थोड्या दिवसांत कशी आजारी पडली, हा प्रश्न राहूनच गेला.

आणि यातून जो निष्कर्ष हळूहळू पसरला तो आणखीच वाईट. रस पिऊनही स्कर्व्ही होते, म्हणजे रसात काही राम नाही. स्कर्व्ही होते ती डब्यातल्या नासक्या मांसातल्या विषामुळे, असं चांगले शिकलेले डॉक्टर सांगू लागले. रॉबर्ट स्कॉटच्या १९०१ ते १९०४ च्या अंटार्क्टिक मोहिमेवरचा डॉक्टर कोएटलिट्झ याच मताचा होता. मांसाचा डबा उघडला की डॉक्टर मंडळी हुंगून पाहत, बिघडलेला वाटला तर फेकून देत. तरीही १९०२ मध्ये स्कर्व्ही आलीच. सीलचं ताजं मांस खायला लागल्यावर ती गेली, आणि ताज्या मांसात विष नसतं म्हणून गेली, असा अर्थ लावला गेला. उत्तर बरोबर, रीत चूक! शंभर वर्षांपूर्वी साध्या खलाशाला जे माहीत होतं ते आता डॉक्टरांना माहीत नव्हतं.

हे फक्त बर्फात घडत नव्हतं. टॉमस बार्लो या डॉक्टरने १८८३ मध्ये लंडनमधल्या तान्ह्या बाळांच्या अशाच एका आजाराचं वर्णन केलं: सुजलेले, दुखरे पाय, हात लावला की किंचाळणारी मुलं. ती स्कर्व्हीच होती. आणि ती खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरांतसुद्धा, म्हणजे जिथे बाळाला अंगावरच्या दुधाऐवजी डब्यातलं तयार अन्न किंवा जंतू मारण्यासाठी चांगलं उकळलेलं दूध दिलं जाई. काळजी जितकी जास्त तितकं बाळ आजारी. हे वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप मिटून बसलो होतो.

कोंडी फुटली ती निव्वळ योगायोगाने. १९०७ मध्ये नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक बेरीबेरीवर काम करत होते आणि कबुतरांऐवजी त्यांनी गिनीपिग घेतले. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना चक्क स्कर्व्ही झाली. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. माणूस आणि गिनीपिग यांना ते जमत नाही. आपल्यात त्यासाठीचं जनुक आहे, पण मोडकं. कधीकाळी चालणारा कोड, कोणीतरी कॉमेंट करून ठेवलेला, डिलीट करायचा राहिलेला! उंदीर घेतले असते तर काहीच दिसलं नसतं. मग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला, १९१८ मध्ये, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी गिनीपिगवर दोन्ही रस तपासले. ताज्या लाइमच्या रसाची ताकद लेमनच्या साधारण पाव निघाली, साठवलेल्याची तर नगण्य. तिथल्याच ॲलिस हेंडरसन स्मिथने आरमाराची जुनी कागदपत्रं उपसून कुठल्या साली कुठलं लिंबू होतं हे लावून दाखवलं. पुढे हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गीने वेगळं काढलेलं एक आम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये पक्कं झालं. १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

या सगळ्याने मी इतका का अस्वस्थ झालो त्याला एक कारण आहे. पूर्वीच्या एका नोकरीत रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट माझ्याकडे होती. जुनं टूल महागडं होतं, मी ते काढून दुसरं लावलं. नाव जवळपास तेच, पर्याय जवळपास तेच. रोज सकाळी डॅशबोर्डवर हिरवा टिळा. आठ महिने हिरवा. मग एके दिवशी खरंच डेटाबेस गेला आणि बॅकअप उघडले तर सगळ्या फायली शून्य बाइटच्या. आठ महिने काही बिघडलं नव्हतं कारण आठ महिने बॅकअपची गरज पडली नव्हती. दोन सहकाऱ्यांचे दोन वीकांत लॉग चाळून विदा परत जुळवण्यात गेले, त्यातल्या एकाच्या घरी तान्हं बाळ होतं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. नेर्सच्या चौकशीचं वाचताना मला ते टिळे दिसत होते.

तर गिमलेट. दुसऱ्या प्रयत्नाची कृती देतो, कारण ती जमली.

दहा रसरशीत कागदी लिंबं (साई सरबती मिळाली तर उत्तम, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ही जात रसाला फार चांगली). सहा लिंबांची फक्त हिरवी-पिवळी साल बारीक किसणीने किसायची. साल कागदासारखी पातळ असते, म्हणून तर कागदी, तेव्हा हात हलका ठेवा, पांढरा भाग आला की कडू. हा कीस २०० ग्रॅम साखरेत बोटांनी चांगला चोळायचा आणि झाकून दोन-तीन तास ठेवायचा. साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि ओलसर होते. रोझच्या गिमलेटला फाटा फुटतो तो इथे: १०० मिली पाण्यात गवती चहाची चार-पाच पाती पाच मिनिटं उकळायची, पाणी गाळून कोमट होऊ द्यायचं, त्यात ती साखर विरघळवायची. मग दहाही लिंबांचा रस, कच्चा, न तापवता. चिमूटभर मीठ. गाळून काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, आठवडाभरात संपवायचं.

६० मिली जिन, २० मिली हे कॉर्डियल, भरपूर बर्फ, वीस सेकंद जोरात हलवायचं. अर्धं-अर्धं करून पाहिलं, मला फार गोड लागलं. टेरी लेनक्स रागावेल, रागावू दे. जिन साधी, जुनिपरचा वास ठसठशीत असलेली घ्या. गोव्यात २०१७-१८ पासून बऱ्याच चांगल्या जिन निघू लागल्या आहेत, त्यातली कुठलीही चालेल. महाराष्ट्रात कडक दारूला कायद्याने वय २५ लागतं, त्याखालच्यांनी जिनऐवजी सोडा घालावा. (ह. घ्या. पण कायदा खराच आहे.)

गवती चहा आणि लिंबाच्या सालीचा वास आधी येतो, मग जिनचा कडवटपणा, आणि शेवटी ते मीठ, जे कळत नाही पण नसलं तर चुकचुकतं.

रविवारी संध्याकाळी आई आली तेव्हा ओट्यावर सालं, किसणी आणि पातेली पसरलेली होती. "काय चाललंय रे?" "सरबत करतोय." तिने बाटलीतलं दोन चमचे गार पाण्यात घालून चाखलं, म्हणाली, "बरं झालंय. रस उकळला नाहीस ना? उकळला की कडू होतो." मी म्हटलं, "छे गं." जिनची बाटली तिने पाहिली होती, पण त्यावर काही बोलली नाही. जाताना कॉर्डियल अर्धं घेऊन गेली.